किराण्याच्या यादीतून ताटाकडे: प्रथिनं, कर्बोदकं आणि स्निग्ध पदार्थांचा मेळ कसा बसवायचा

टक्केवारीपासून सुरुवात करू नका. ‘कर्बोदकं इतके टक्के, प्रथिनं इतके टक्के’ हे वाचून ओट्यापाशी गेलेल्या माणसाला नेमकं करायचं काय, ते कळत नाही. आमटीला फोडणी देताना कोणी टक्के मोजत नाही. घरातल्या जेवणाचं प्रमाण बऱ्याच अंशी महिन्याचं सामान भरतानाच ठरून गेलेलं असतं. म्हणून इथे आधी किराण्याची यादी, मग वाटी आणि मग टक्के, असा उलटा रस्ता घेतला आहे.

लेख निरोगी, प्रौढ माणसासाठी आहे. मधुमेहाची औषधं चालू असतील, किडनीचा त्रास असेल किंवा घरात गरोदर बाई असेल, तर शेवटचा भाग आधी वाचा.

कामापुरती ओळख

एक ग्रॅम कर्बोदकांतून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम प्रथिनांतूनही ४, आणि एक ग्रॅम तेला-तुपातून ९. हे तीन आकडे पाठ असले की पुढचा सगळा हिशोब बोटांवर होतो.

आपल्याकडे गोंधळ होतो तो ‘हे प्रोटीन, ते कार्ब’ असे शिक्के मारल्यामुळे. बहुतेक पदार्थांत तिन्ही असतात, प्रमाण तेवढं वेगळं. १०० ग्रॅम तूरडाळीत प्रथिनं साधारण २२ ग्रॅम आणि कर्बोदकं ५५ ग्रॅम. म्हणजे डाळ हाही मुख्यतः पिष्टमय पदार्थच, पण सोबत प्रथिनं भरपूर घेऊन येणारा. शेंगदाण्यात प्रथिनं जवळपास २४ ग्रॅम, पण स्निग्धांश ४० ग्रॅम. त्यामुळे त्याच्या कॅलरींतला दोन तृतीयांशाहून जास्त वाटा तेलाचा असतो. शेंगदाणा वाईट नाही, मात्र कुटाला ‘प्रोटीन’ समजून मूठमूठ घालणाऱ्याने तो तेलाच्या खात्यातही मांडावा. गव्हाच्या कणकेत १०० ग्रॅमला साडेदहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, ज्वारीत १०, बाजरीत ११, तांदळात ८. साबुदाण्यात नसल्यातच जमा.

प्रथिनं किती लागतात? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम हे प्रमाण दिलं. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम झाले. हे चांगल्या प्रतीची प्रथिनं धरून काढलेलं प्रमाण आहे. त्याहून थोडं जास्त, किलोमागे एक ग्रॅमपर्यंत किंवा जरा वर गेलं तरी निरोगी माणसाचं काही बिघडत नाही. साठीच्या पुढच्या माणसांनी तर त्या बाजूलाच राहावं, कारण त्या वयात स्नायू झपाट्याने उतरतात आणि नेमकं तेव्हाच जेवण ‘हलकं’ म्हणून मऊ भातावर येतं.

पहिली पायरी: मागच्या महिन्याची यादी काढा

याच संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात २००० कॅलरींचं दिवसभराचं नमुना ताट आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम (मांसाहारी असाल तर त्यातल्या काहींच्या जागी अंडी, मासे, मटण), भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, तेलबिया-दाणे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. ही सगळी वजनं कच्च्या मालाची आहेत, शिजवलेल्याची नाहीत. याचा ढोबळ हिशोब केला तर प्रथिनांतून १४-१५ टक्के, स्निग्ध पदार्थांतून २७-२८ टक्के आणि उरलेल्या ५५-५८ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात. टक्के हवे असणाऱ्यांनी हे टिपून ठेवावेत.

आता चार मोठ्या माणसांचं घर घ्या आणि महिन्याचा गुणाकार करा. धान्य, म्हणजे गहू, तांदूळ, ज्वारी, पोहे, रवा सगळं मिळून ३० किलो. डाळी आणि कडधान्यं मिळून १० किलो. शेंगदाणे, तीळ, खोबरं, बदाम वगैरे ४ किलो. तेल आणि तूप मिळून सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास. दूध रोज सव्वा लिटर.

तुमची यादी याच्या शेजारी ठेवा. शाकाहारी घर असेल तर बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं: धान्याचा आकडा ठीक किंवा थोडा वर, तेल पाच लिटरचा कॅन संपून वर पिशवी, आणि डाळी-कडधान्यं सगळी मिळून जेमतेम तीन-चार किलो. दहा किलो डाळ ऐकून बायका हसतात, ‘घरात काय लग्न आहे का?’ म्हणतात. पण धान्य तीन भाग आणि डाळ एक भाग, एवढंच ते प्रमाण आहे. साखरही याच यादीत बघा. दिवसाला माणशी २५ ग्रॅमच्या वर नको, म्हणजे चौघांना महिन्याला ३ किलो ही वरची मर्यादा, आणि त्यात बाहेरची मिठाई, बिस्किटं, कोल्ड्रिंक धरलेलं आहे.

एक खुलासा. २००० कॅलरी प्रत्येकाला लागत नाहीत. बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला साधारण २१००, आणि तसंच काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला १६५० च्या आसपास पुरतात. शेतात, बांधकामावर राबणाऱ्याला बरंच जास्त लागतं. कमी करायचं असेल तेव्हा धान्य आणि तेल कमी करा, डाळीला आणि भाजीला हात लावू नका. जास्त लागत असेल तर धान्य खुशाल वाढवा. भाकरीवर राबणाऱ्या माणसाला ‘कार्ब्स कमी कर’ सांगणं हा शहरी आगाऊपणा आहे.

दुसरी पायरी: वाटी एकदा तोलून घ्या

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चार-पाचशे रुपयांत मिळतो. तो आयुष्यभर वापरायचा नाही, आठवडाभर पुरे. नसेल घ्यायचा तर किराणावाल्याकडून तुमची वाटी भरून तोलून आणा.

आमच्या घरातल्या आमटीच्या वाटीत तूरडाळ १२० ग्रॅमच्या आसपास मावते. चार माणसांना दोन्ही वेळच्या वरण-आमटीला मिळून एक वाटी डाळ, हे कितीतरी घरांतलं माप आहे. माणशी दिवसाला ३० ग्रॅम, एका जेवणाला १५ ग्रॅम. त्यातून मिळणारी प्रथिनं सव्वातीन ग्रॅम. वाटी भरून आमटी प्यायली म्हणून पोट भरल्यासारखं वाटतं, पण त्या वाटीत मुख्यतः पाणी, चिंच-गूळ आणि गोडा मसाला असतो. आमटीची चव त्यातच आहे, मान्य, फक्त तिच्याकडून प्रथिनांची अपेक्षा धरू नका.

तशीच चपाती तोला. मध्यम लाटीत कणीक साधारण ३० ग्रॅम असते. भाकरी घराघरात वेगळी, सोलापूरकडची पातळ, कोकणातली तांदळाची वेगळी. एका भाकरीला ४५ ते ६० ग्रॅम पीठ सहज जातं. ५० ग्रॅम तांदळाचा शिजून दीडशे ग्रॅमच्या आसपास भात होतो, म्हणजे एक भरलेली वाटी.

मोडांबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: मोड आले की प्रथिनं वाढतात. वाढतं ते पाणी. ४० ग्रॅम कोरड्या मटकीला मोड आले की वजन दुप्पट-अडीचपट होतं, प्रथिनं जवळपास तेवढीच, म्हणजे ८ ग्रॅमच राहतात. मोड आणण्याचे फायदे वेगळे आहेत, मटकी लवकर शिजते, पचायला हलकी होते, ‘क’ जीवनसत्त्व तयार होतं. पण हिशोब धरताना कोरड्या मटकीचाच धरा.

तिसरी पायरी: एक साधा दिवस उलगडून बघा

समजा, ६० किलोचा, ऑफिसात बसून काम करणारा शाकाहारी माणूस. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे साखरेचा चहा, सोबत चार ग्लुकोज बिस्किटं. नाश्त्याला कांदेपोहे. डब्यात तीन चपात्या, बटाट्याची भाजी, आमटी, भात. पाच वाजता मूठभर चिवडा. रात्री दोन चपात्या, फ्लॉवरची भाजी, आमटी, भात. यात वावगं काहीच नाही, घरचं ताजं जेवण आहे.

हिशोब मांडला तर २००० कॅलरींच्या जरा आत बसतो. कर्बोदकं ३१५ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ ५९ ग्रॅम, प्रथिनं ४७ ग्रॅम. टक्क्यांत ६४, २७ आणि साडेनऊ.

प्रथिनं तर जवळजवळ पुरली की, असं कोणी म्हणेल. ती आली कुठून ते बघा. पाच चपात्यांमधून १६ ग्रॅम, भातातून ८, पोह्यांतून साडेचार. म्हणजे ४७ पैकी २८ धान्याची. दोन्ही वेळच्या आमटीची मिळून साडेसहा, दुधाची तीन. धान्याच्या प्रथिनांत लायसिन नावाचं अमिनो आम्ल (प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांतलं एक) कमी पडतं आणि डाळींत ते भरपूर असतं. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यात असतं. वरण-भात, भाकरी-पिठलं, थालीपीठ या जोड्या म्हणूनच चालत आल्या आहेत. जोडी मात्र तेव्हाच जुळते जेव्हा दोघांचं वजन काहीतरी प्रमाणात असतं. भाताच्या डोंगरावर वरणाचा एक डाव ओतला की नावाला वरण-भात होतो.

हे एका घरापुरतं नाही. परिषदेच्याच देशव्यापी मधुमेह पाहणीतून २०२५ मध्ये जे आकडे पुढे आले, त्यांत भारतीयांच्या सुमारे ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून आणि प्रथिनांतून १२ टक्क्यांच्या आसपास येतात असं दिसलं. कर्बोदकंही मुख्यतः पांढरा तांदूळ, दळलेली धान्यं आणि साखर यांतली.

चौथी पायरी: बदल, पण या क्रमाने

सगळं एकदम बदललं की आठवड्यात घर जुन्या वळणावर येतं. क्रम महत्त्वाचा.

पहिला बदल नाश्त्यात करा, कारण तिथे प्रथिनं जवळपास नसतात आणि बदलायला वाव सर्वांत जास्त असतो. पोहे, उपमा, साबुदाणा, ब्रेड-जाम, खारी-चहा हे सगळे एकाच जातीचे. आठवड्यातले तीन-चार दिवस तरी मुगाची धिरडी, बेसनाचं पोळं, मिश्र डाळींचे आप्पे, अंडी खाणाऱ्यांना दोन अंडी असं आणा. माणशी ६० ग्रॅम अख्खे मूग रात्री भिजवले, सकाळी आलं-मिरची-जिरं घालून वाटले की दोन-तीन धिरडी होतात आणि एकट्या मुगातून साडेतेरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. वर वाटीभर दही घेतलं तर सोळा-सतरा. पोह्यांच्या दिवशी पोहे निम्मे आणि त्यात मोड आलेली मटकी किंवा वाटाणे निम्मे. चव बिघडत नाही. पोह्यांत शेंगदाणे वाढवून तोच परिणाम साधेल असं वाटतं, पण तिथे तेलाचं खातं फुगतं.

दुसरा बदल, रोजच्या दोन जेवणांपैकी एकात उसळ किंवा पिठलं. आमटी राहू द्या, तिची जागा घ्यायला कोणी सांगत नाही. पण बटाट्याची भाजी आणि भात आणि चपाती ही त्रिमूर्ती मोडा. मटकी, चवळी, हरभरा, वाल, मसूर, कुळीथ यांतलं एक कडधान्य रोज, माणशी ४० ग्रॅम कोरडं. वरण करायचं त्या दिवशी घट्ट करा, डावाने वाढताना ओघळणार नाही इतकं. पालेभाजीत मूठभर मूगडाळ किंवा हरभऱ्याची डाळ घालायची जुनी रीत आहेच, ती नियमित करा.

इथे एक अडचण नक्की येते, पोट फुगतं. कडधान्यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. उपाय म्हणजे आठ-दहा तास भिजवणं, ते पाणी फेकून देणं, नीट मऊ शिजवणं आणि प्रमाण हळूहळू वाढवणं. पहिल्या आठवड्यात मूग-मसूर, मग मटकी-चवळी, आणि राजमा-वाल सगळ्यात शेवटी. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचं पोट सरावतं. हिंग-ओवा घालाच, पण भिजवण्याला तो पर्याय नाही.

तिसरा बदल तेलाचा. मोजायचा सोपा मार्ग असा: आठवड्याच्या सुरुवातीला चौघांसाठी ८०० मिलिलिटर तेल एका बाटलीत वेगळं काढा. तूप वापरत असाल तर तेवढं तेल आधीच कमी काढा. ती बाटली रविवारपर्यंत पुरली पाहिजे. बुधवारीच तळ दिसला तर कुठे गेलं ते आपोआप कळतं. बहुधा भाजीच्या कढईत, कारण बाटलीतून थेट ओतताना हात थांबत नाही. चहाचा एक चमचा तेल म्हणजे ४० ते ४५ कॅलरी. भाजीला माणशी एक चमचा पुरतो, कढई जाड बुडाची असली आणि वर पाण्याचं ताट ठेवलं की.

तेलाला घाबरून शून्यावर येऊ नका. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्धांशाशिवाय नीट शोषली जात नाहीत आणि शरीराला काही मेदाम्लं बाहेरूनच लागतात. एकच तेल वर्षानुवर्षं वापरण्यापेक्षा शेंगदाणा, करडई, तीळ, मोहरी असं आलटून पालटून वापरणं चांगलं. करडई एके काळी मराठवाडा-सोलापूर पट्ट्यातलं घरचं तेल होतं. तूप वरणावर चमचाभर असावं, पण त्यातला निम्म्याहून जास्त भाग संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबीचा आहे, हेही लक्षात ठेवा. तळणीचं उरलेलं तेल परत परत तापवू नका. वनस्पती तुपाबद्दल बोलायचंही कारण नाही, ते घरात नकोच.

धान्याला सगळ्यात शेवटी हात घाला. डाळ-उसळ वाढली की एक चपाती आणि निम्मा भात आपोआप कमी होतो, वेगळं ‘सोडावं’ लागत नाही. उरलेल्या धान्यात ज्वारी-बाजरी-नाचणीचा वाटा वाढवा. बाजरीत मुळातच पाच टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, म्हणून बाजरीचं पीठ लवकर खवट होतं. आठ दिवसांपुरतंच दळून आणा. नाचणीत प्रथिनं कमी पण कॅल्शियम भरपूर. ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या आट्यात बाकीची धान्यं नेमकी किती टक्के ते पाकिटामागे वाचा, कित्येकदा बराचसा गहूच निघतो. त्यापेक्षा भाजणी बरी, तिच्यात काय आहे ते आपल्याला माहीत असतं.

तोच माणूस, बदललेला दिवस

दोन चहा, साखर एकेक चमचा. नाश्त्याला मुगाची धिरडी आणि दही. डब्यात दोन चपात्या, मटकीची उसळ, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, थोडा भात आणि घट्ट वरण, वर ताक. संध्याकाळी पेरू आणि मूठभर फुटाणे. रात्री दीड ज्वारीची भाकरी, पिठलं, मूगडाळ घातलेली मेथी, शेंगदाण्याची चटणी. झोपण्यापूर्वी अर्धा-पाऊण पेला दूध.

कॅलरी १९०० च्या थोड्या वर. कर्बोदकं २६० ग्रॅम, स्निग्ध पदार्थ ६२, प्रथिनं ८०. टक्क्यांत ५४, २९ आणि १७. यात पनीर नाही, पावडर नाही, महागाचं काही नाही. सकाळी उठून करणाऱ्याला कष्ट मात्र आहेत, मूग भिजवायला रात्री आठवण ठेवावी लागते. घरातल्या एकाच व्यक्तीवर हे सगळं पडणार असेल तर आधी कामाची वाटणी करा.

मासे, अंडी, मटण

कोकणात आणि गोव्यात मासे रोजचे असल्यामुळे प्रथिनांची चिंता तशी कमी. शंभर ग्रॅम बांगड्यात अठरा-वीस ग्रॅम प्रथिनं असतात, वर ओमेगा-३ मेदाम्लं मिळतात. तिथे तोल जातो तो भातामुळे आणि नारळामुळे. ओल्या खोबऱ्यात ४० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो आणि तो मुख्यतः संपृक्त. कालवण-भात खाणाऱ्याने भात एक वाटी कमी करून सोबत भाजी ठेवली तरी पुष्कळ झालं. मासा रोज रवा लावून तळण्याऐवजी चार दिवस कालवणात किंवा हळद-मीठ लावून तव्यावर.

घाटावर वेगळी तऱ्हा, आठवडाभर पिठलं-भाकरी आणि रविवारी मटण. जास्तीची प्रथिनं शरीर चरबीसारखी साठवून ठेवत नाही, त्यामुळे रविवारचं मटण बुधवारी कामाला येत नाही. तेवढ्याच पैशात रोज एक-दोन अंडी परवडतात. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं, ५ ग्रॅम स्निग्धांश, ७० कॅलरी. पिवळं टाकून देऊ नका, जीवनसत्त्वं बहुतेक तिथेच असतात.

उपवास

श्रावणात, चातुर्मासात, संकष्टी-एकादशीला सगळा हिशोब कोलमडतो. साबुदाण्याची खिचडी म्हणजे शुद्ध पिष्ट, त्यावर तूप आणि कूट. वर बटाट्याचा चिवडा. उपवास सोडायचा नाही, पदार्थ बदलायचे: वरईचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याच्या पिठाची थालीपीठं, दही-ताक, दूध, फळं. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रथिनं असतात. खिचडी खायचीच असेल तर वाटी लहान घ्या आणि शेजारी दही असू द्या.

मेस, हॉस्टेल, परदेश

पुण्यात किंवा नागपुरात मेसवर जेवणाऱ्या मुलांच्या हातात मेन्यू नसतो. त्यांनी खोलीत तीन गोष्टी ठेवाव्यात: फुटाणे, दूध किंवा दही, आणि सोयाचंक्स. ३० ग्रॅम सोयाचंक्समध्ये जवळपास १५ ग्रॅम प्रथिनं असतात, इलेक्ट्रिक किटलीतल्या गरम पाण्यात मऊ होतात. जिमवाला पावडरीचा डबा पुढे करेल. राष्ट्रीय पोषण संस्थेने स्नायू वाढवण्यासाठी असे डबे टाळा असंच २०२४ मध्ये सांगितलं आहे, आणि वरच्या हिशोबाप्रमाणे साध्या जेवणातून ८० ग्रॅम मिळत असतील तर डबा कशाला?

परदेशात राहणाऱ्यांना लेबल वाचण्याची सवय होतेच. आपल्याकडच्या पाकिटांवरही दर १०० ग्रॅमला किती ते छापलेलं असतं. ‘हाय प्रोटीन’ बिस्किटाची परीक्षा दहा सेकंदांत होते: प्रथिनांच्या ग्रॅमला चाराने गुणा आणि कॅलरींनी भागा. १०० ग्रॅममध्ये १० ग्रॅम प्रथिनं आणि ४८० कॅलरी असतील तर जेमतेम आठ टक्के होतात, साधी कणीक त्याहून वरचढ. ग्रीक योगर्ट म्हणून जे मिळतं त्याची जातकुळी आपल्या चक्क्याची. साधं, बिनसाखरेचं घ्या.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावं

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि भात-चपाती अचानक कमी केली, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, घाबरं होणं ही तिची लक्षणं. औषधाचा डोस आणि जेवण एकत्रच बदलावे लागतात, म्हणून आधी डॉक्टर. किडनीचा आजार असणाऱ्यांना प्रथिनं किती चालतील हे त्यांच्या तपासण्या बघूनच ठरतं, डाळी वाढवण्याचा वरचा सल्ला त्यांच्यासाठी नाही. युरिक अॅसिड वाढलेलं असेल तर मटण, कलेजी आणि काही मासे यांच्याबद्दल विचारून घ्या.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांची गरज जास्त असते आणि ती महिन्यांनुसार बदलते. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना या लेखातला तेलाचा हिशोब लावू नका, त्यांना वाढीसाठी स्निग्धांश मोठ्यांपेक्षा जास्त लागतो. त्यांच्या मऊ खिचडीत डाळ घट्ट असावी आणि वर तूप असावं. घरातल्या आजी तूप घालत असतील तर घालू द्या.